लस घ्या म्हणता, मग खरेही सांगा!

लसीकरणाची मोहीम आली की सरकारी अहवालात एक ठरलेले वाक्य हमखास येते. 'अमुक वस्तीतील लोकांचा प्रतिसाद मिळत नाही.' ही अमुक वस्ती कोणती, हे फोडून सांगावे लागत नाही. ती मुसलमानांचा मोहल्ला असते, झोपडपट्टी असते, आदिवासींचा पाडा असतो, पारध्यांची पाले असतात. वाक्य लिहिणाऱ्या साहेबाचे काम तेथे संपते. उद्या रोग पसरलाच तर आरोपी आधीच ठरलेला असतो आणि आरोपपत्रही तयार असते : अडाणी, धर्मांध, अंधश्रद्ध. या वाक्याची एकदा उलटतपासणी व्हायला हवी, असे आम्हाला वाटते.

प्रारंभीच स्पष्ट केलेले बरे. लस घेऊ नका असे सांगणाऱ्यांच्या रांगेत आम्ही उभे नाही. शितळादेवीला पिढ्यान् पिढ्या नैवेद्य दाखवून देवीचा रोग गेला नाही. तो लसीने गेला आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर केले. विज्ञानाची कास धरणाऱ्या चळवळीला लसीचे महत्त्व कोणी शिकवावे लागत नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. लस देणारा माणूस लसीविषयी पूर्ण खरे सांगतो काय? आणि तो सांगत नसेल, तर ज्याच्याशी पूर्वी खोटे बोलले गेले आहे त्याने त्याच्यावर विश्वास का ठेवावा?

उत्तर प्रदेशातील पोलिओचे उदाहरण घेऊ, कारण या प्रश्नाचा सगळा इतिहास त्यात आला आहे. देशात पल्स पोलिओ मोहीम १९९५ साली सुरू झाली. 'दो बूंद जिंदगी की' ही घोषणा घरोघर पोचली. इतर राज्यांतून पोलिओ हटत गेला, पण पश्चिम उत्तर प्रदेशातून हटेना. २००२ साली देशभरात १६०० रुग्ण सापडले, त्यांपैकी बाराशेहून अधिक एकट्या उत्तर प्रदेशातले होते. २००६ साली पुन्हा उसळी आली : देशात ६७६ रुग्ण, पैकी ५४८ उत्तर प्रदेशात. २००१ च्या जनगणनेनुसार त्या राज्यात मुसलमानांची लोकसंख्या सुमारे साडेअठरा टक्के, पण २००२ च्या साथीत तेथील रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक मुले मुसलमान कुटुंबांतली होती. झाले! निकाल लागला. मुसलमान लस घेत नाहीत, त्यांचे मौलवी घेऊ देत नाहीत, म्हणून देशाचा पोलिओ जात नाही.

नकार देणारी घरे होती, हे खोटे नाही. हे थेंब पाजले की मुले पुढे नपुंसक होतात, अशी अफवा मोहल्ल्यामोहल्ल्यांत होती आणि काही ठिकाणी दारे बंद केली गेली. अफवा ती अफवाच, तिचे समर्थन करण्याचे कारण नाही. परंतु त्याच सरकारी कागदांत दुसरी एक गोष्ट नोंदलेली होती, जी फारशी कोणी मोठ्याने वाचून दाखवली नाही. लुळ्या पडलेल्या मुलांपैकी अनेकांनी डोस घेतलेले होते. कोणी चार, कोणी सात, काहींनी तर दहाच्या वर. ज्या आईने प्रत्येक रविवारी मुलाला कडेवर घेऊन बूथ गाठला, करंगळीला शाई लावून घेतली, त्या आईच्या मुलाचाही पाय गेला. तिला काय उत्तर होते?

उत्तर विज्ञानाकडे होते आणि ते नवे नव्हते. तोंडाने पाजण्याची पोलिओ लस म्हणजे दुर्बळ केलेला जिवंत विषाणू. तो मुलाच्या आतड्यात रुजला, वाढला, तरच शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिकारशक्ती तयार करते. मूल सतत हगवणीने बेजार असेल, त्याच्या आतड्यात आधीच दुसरे विषाणू ठाण मांडून बसले असतील, ते कुपोषित असेल, तर लसीच्या विषाणूला रुजायला जागाच मिळत नाही. शिवाय त्या वेळच्या लसीत पोलिओचे तीन प्रकार एकत्र होते आणि त्यांतला दुसरा प्रकार बाकीच्या दोघांना मागे सारत असे. आपल्याकडील मुलांवर या लसीचा परिणाम कमी होतो, हे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील डॉ. टी. जेकब जॉन यांनी १९७२ सालापासून मांडले होते. पुढे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने आकडाच समोर ठेवला. पोलिओच्या पहिल्या प्रकारापासून एका डोसने मिळणारे संरक्षण उत्तर प्रदेशात सुमारे ९ टक्के, बिहार वगळता देशाच्या इतर भागात सुमारे २१ टक्के.

या आकड्याचा हिशेब आम्ही कागदावर करून पाहिला, वाचकांनीही करावा. एका डोसने शंभरांपैकी नऊच मुले सुरक्षित होत असतील, तर दहा डोसांनंतरही शंभरांपैकी सुमारे ३९ मुले उघडीच राहतात. इतर भागात तेच दहा डोस घेतल्यावर उघडी राहणारी मुले नऊ-दहा. म्हणजे लस तीच, थेंब तेवढेच, आईही तितकीच दक्ष. फरक कशाचा? तुंबलेल्या गटाराचा, हातपंपाच्या दूषित पाण्याचा, एकाच खोलीत राहणाऱ्या आठ माणसांचा, मुलाच्या पोटात नसलेल्या अन्नाचा. नगरपालिकेने जे काम करायचे ते केले नाही आणि गटाराचे काम लसीच्या दोन थेंबांवर सोपवले. ते थेंब कमी पडले तेव्हा दोष मात्र मोहल्ल्याच्या माथी मारला. याच घाणीच्या कडेला दलित वस्त्याही होत्या, हे आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. गावाची उतरती बाजू कोणाच्या वाट्याला येते, हे आपण जन्मापासून पाहत आलो आहोत.

आता त्या अफवेकडे वळू. थेंबांनी नसबंदी होते, ही कल्पना हवेतून पडली काय? १९७६ साल आठवा. आणीबाणीच्या काळात १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. शिक्षकांना, तलाठ्यांना, पोलिसांना कोटा ठरवून दिला होता. कोटा भरायला माणसे कोणाची पकडली गेली? गरिबांची, दलितांची, मुसलमानांची. मुजफ्फरनगरला ऑक्टोबर १९७६ मध्ये सक्तीला विरोध करणाऱ्या जमावावर गोळीबार झाला. हा मुजफ्फरनगर त्याच पश्चिम उत्तर प्रदेशात आहे, जेथे पंचवीस वर्षांनी पोलिओवाल्यांना दारे बंद झाली. ज्याला बापाने धरपकडीच्या रात्री उसात लपवले, तोच आता बाप झालेला होता. सरकारी माणूस न बोलावता दारी येतो, फुकट काही देतो आणि पुन्हा पुन्हा येतो, याचा अर्थ त्याने आपल्या अनुभवावरून लावला.

महाराष्ट्राने यात नाक वर करू नये. बार्शीला १९७६ च्या जानेवारीत रस्त्यावरून माणसे पकडून नसबंदी केल्याची नोंद आहे. सक्तीच्या नसबंदीचे विधेयक विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत संमत करणारे राज्य महाराष्ट्रच होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायद्याच्या पुस्तकात आले नाही, इतकेच.

अविश्वास दाखवणारा कोण आहे यावरून त्याचे नाव ठरते, हाही या देशाचा एक न्याय आहे. १८९७ साली पुण्यात प्लेग होता. घरोघर तपासणी झाली, गोऱ्या सोजिरांनी स्वयंपाकघरात, देवघरात पाय ठेवले, जुलूमही केला. त्याचा संताप होऊन २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. हा इतिहास आपण शाळेत राष्ट्रभक्ती म्हणून शिकलो. त्याच प्लेगात सावित्रीबाई फुले आपल्या मुलासह, डॉ. यशवंतांसह, पुण्याजवळ रुग्णांची शुश्रूषा करीत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्यांनी दवाखान्यात आणले, त्यांनाही लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. प्लेगच्या वर्षाचा हा धडा पाठ्यपुस्तकात किती ओळींचा आहे, ते पालकांनी मुलांची पुस्तके उघडून पाहावे. तात्पर्य, उच्चवर्णीयांनी आरोग्य खात्याला विरोध केला तर तो स्वाभिमान आणि मुसलमानाने, आदिवासीने शंका काढली तर तो अडाणीपणा!

बरे, शंका काढायला जुनाच इतिहास लागतो असेही नाही. २००६ साली ग्रामीण अस्पृश्यतेवर एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. ११ राज्यांतील ५६५ गावे तिने पाहिली होती. त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश गावांत सरकारी आरोग्य कर्मचारी दलितांच्या घरात पाऊल ठेवत नव्हते. जी नर्सबाई बाळंतिणीला तपासायला उंबरा ओलांडत नाही, ती लसीच्या दिवशी आली तर आत बोलावायचे कोणत्या तोंडाने?

२००९ मध्ये आंध्रातील खम्मम आणि गुजरातेतील वडोदरा येथे गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लसीचा प्रायोगिक प्रकल्प राबवला गेला. हजारो मुलींना इंजेक्शने दिली गेली, त्यांत आश्रमशाळांतील आदिवासी मुली मोठ्या संख्येने होत्या. काही मुलींचे मृत्यू झाल्यानंतर एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवण्यात आला. मृत्यूंचा लसीशी संबंध असल्याचे चौकशीत आढळले नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण संसदीय समितीच्या २०१३ च्या अहवालात संमतीपत्रांचे जे चित्र आले ते कोणाही वकिलाला शरमेने मान खाली घालायला लावणारे आहे. आंध्रातील तपासलेल्या ९,५४३ अर्जांपैकी २,७६३ अर्जांवर वसतिगृहाच्या अधीक्षकांच्याच सह्या होत्या. १,९४८ अर्जांवर नुसते अंगठे. मुलीच्या देहाविषयीचा निर्णय आईबापांना न विचारता झाला. एखाद्या नामांकित इंग्रजी शाळेत असे करण्याची छाती कोणाची झाली असती?

आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यात, ३१ जानेवारी २०२१ रोजी १२ बालकांना पोलिओच्या डोसऐवजी हात धुण्याचे सॅनिटायझर पाजण्यात आले. मुले वाचली, कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली. पण त्या गावातल्या आईने पुढच्या रविवारी बाटलीवरचे लेबल वाचून दाखवा म्हटले, तर तिला शंकेखोर म्हणायचे काय?

कोरोनाच्या काळात तर अविश्वासाची पेरणीच झाली. मार्च २०२० मध्ये दिल्लीच्या तबलिगी मेळाव्यानंतर साऱ्या समाजाला रोगाचे वाहक ठरवले गेले, भाजीवाल्याचे नाव विचारून भाजी घेण्याचा प्रकार घडला. त्यातील परदेशी नागरिकांवरील गुन्हे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी रद्द केले आणि या लोकांना बळीचा बकरा बनवले गेल्याची शक्यता दिसते असे निरीक्षण नोंदवले. निकालाची बातमी आतल्या पानावर आली, बदनामीची पहिल्या पानावर होती. त्याच्या काही महिने आधीपासून नागरिकत्वाच्या कागदांची धास्ती होतीच. घरोघर फिरून नाव, वय, घरातली माणसे लिहून घेणारा प्रत्येक जण अनेक ठिकाणी संशयित झाला होता. मग २०२१ साली लस आली. नोव्हेंबर २०२१ मध्ये तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात लसीचा एक तरी डोस घेतल्याशिवाय रेशन नाही, पेट्रोल नाही, असा आदेश निघाला. ज्याच्याकडे गाडी आहे त्याचे पेट्रोल अडले, ज्याच्याकडे गाडी नाही त्याचे धान्य अडले. दोन्ही एकच शिक्षा आहे, असे समजणाऱ्यांना दंडवत.

सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ रोजी जेकब पुलियेल खटल्यात निकाल दिला. सरकारचे लसीकरण धोरण न्यायालयाने अवाजवी ठरवले नाही, पण कोणावरही लसीची सक्ती करता येणार नाही, कारण अनुच्छेद २१ मध्ये स्वत:च्या देहावरील अधिकार समाविष्ट आहे, असे सांगितले. लसीनंतर होणाऱ्या प्रतिकूल घटनांची माहिती जनतेला खुली करावी, असाही निर्देश दिला. आमच्या दृष्टीने या निकालाचा हा शेवटचा भाग अधिक मोलाचा आहे. सक्ती नको हे सगळ्यांना पाठ झाले. माहिती द्या हे कोणी मागितले?

आता गोवंडीकडे या. ऑक्टोबर २०२२ च्या अखेरीस रफीक नगरमध्ये एकाच कुटुंबातील तीन बालके दगावली आणि मुंबईला गोवराची साथ दिसली. एम-पूर्व वॉर्ड म्हणजे देवनारच्या कचऱ्याच्या डोंगराचा शेजार. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात सर्व वॉर्डांत तळाला असलेला हा वॉर्ड. येथे मुसलमान आहेत, बौद्ध आहेत, मातंग आहेत, गाव सुटलेले सगळे आहेत. साथ आल्यावर पुन्हा तेच वाक्य : लोक लस घेत नाहीत. कोरोनाच्या दोन वर्षांत नेहमीचे लसीकरण विस्कळीत झाले होते, आईबाप दोघेही कामाला जाणारे, भाड्याची खोली दर वर्षी बदलणारी, लसीचे कार्ड जुन्या पत्त्यावरचे. हे सगळे त्या एका वाक्यात बुडून गेले.

गोवराच्या लसीचीही मर्यादा आहे आणि ती सांगितली पाहिजे. पहिला डोस नवव्या महिन्यानंतर दिला जातो आणि तो शंभरांपैकी सुमारे ८५ मुलांना संरक्षण देतो. उरलेल्या पंधरांसाठी सोळा ते चोवीस महिन्यांतला दुसरा डोस आहे. दोन्ही झाले की संरक्षण ९५ टक्क्यांच्या वर जाते. गोवर इतका वेगाने पसरतो की वस्तीतली शंभरांपैकी ९५ मुले सुरक्षित असल्याखेरीज साथ अडत नाही. म्हणजे ज्या घराने पहिला डोस घेतला आणि दुसरा राहिला, त्या घरातही गोवर येऊ शकतो. हे आधी सांगितले नाही, तर मूल तापल्यावर आई शेजारणींना सांगणारच, 'टोचूनही झालाच की!' आणि त्या एका वाक्याने गल्लीतली दहा घरे पुढचा डोस टाळतील. उलट आधीच सांगितले असते तर हीच बाई दुसऱ्या डोसासाठी रांगेत पहिली उभी राहिली असती. नवव्या महिन्याआधीची तान्ही मुले तर सर्वस्वी इतरांच्या लसीवर अवलंबून असतात. साथीत सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाही जादा डोस द्यावा लागला, तो याच कारणाने. आणि गोवराने मूल मरते ते बहुतेक वेळा आधीच कुपोषित असते म्हणून. त्या कुपोषणावर कोणती लस आहे?

लोकांना एवढे गुंतागुंतीचे कळणार नाही, असे साहेब लोक म्हणतात. ज्या बाईला बचत गटाचे व्याज तोंडी येते, तिला ८५ आणि १५ कळत नाहीत? उत्तर प्रदेशाने याचे उत्तर दिले आहे. तेथे २००५ साली एकाच प्रकारावरची लस आणली गेली आणि जानेवारी २०१० मध्ये पहिल्या व तिसऱ्या प्रकारावरची. त्याबरोबर मोहल्ल्यातल्याच बायका घरोघर जाऊन बोलू लागल्या. अलिगढ मुस्लिम विद्यापीठ, जामिया मिलिया, जामिया हमदर्द या संस्था उतरल्या, मशिदींतून आवाहने झाली. उत्तर प्रदेश आणि बिहारच्या सर्वांत अवघड १०७ तालुक्यांत थेंबांबरोबर स्वच्छता, हगवणीवरचे उपचार, स्तनपान यांवरही काम सुरू झाले. लोक आधीपासून तेच विचारत होते की, पोलिओचा माणूस महिन्याला येतो, मग बाळंतपणाची नर्स का येत नाही, गटार कधी होणार? देशातील रुग्ण २००९ मध्ये ७४१ होते, २०१० मध्ये ४२ झाले. शेवटची रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावड्यात नोंदली गेली आणि २७ मार्च २०१४ रोजी भारताला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. मोहल्ले तेच होते, मौलवी तेच होते, आयाही त्याच होत्या. लस बदलली आणि दारात उभा राहणारा माणूस बदलला.

प्रमाणपत्र मिळाले म्हणून खरे सांगण्याची जबाबदारी संपली असेही नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये मेघालयातील पश्चिम गारो हिल्स जिल्ह्यात दोन वर्षांच्या एका मुलाला पोलिओ झाला. तो मूळ विषाणू नव्हता, लसीतल्याच दुर्बळ विषाणूपासून उद्भवलेला होता. असे क्वचित होते. जेथे पुष्कळ मुले लसीविना राहतात, तेथे असा विषाणू फिरत राहण्याची भीती अधिक. ही गोष्ट आरोग्य खात्याने स्वत: सांगावी. ती मोबाईलवरच्या अफवेतून कळली तर तिला भलतेच शेपूट फुटते.

आमच्या कार्यकर्त्यांना म्हणून काही सांगायचे आहे. वस्तीत लसीकरणाचे सत्र असेल त्या दिवशी तेथे उभे राहा. आपल्या मुलांना आधी टोचून घ्या, शेजारच्या मोहल्ल्यातल्या आयांनाही बोलावून आणा. आशाताईंवर ओरडू नका. मानधनासाठी त्यांनाच रस्त्यावर यावे लागते, आणि त्या आपल्यातल्याच आहेत. प्रश्न वैद्यकीय अधिकाऱ्याला विचारा. ही लस शंभरांत कितींना लागू पडते? दुसरा डोस कधी? ताप आला, गाठ आली, तर रात्री कोणाला फोन करायचा? नंबर भिंतीवर लिहून घ्या. समाजमंदिरात किंवा विहारात महिन्यातून एकदा डॉक्टरला बोलवा आणि त्याला भाषण देऊ नका, प्रश्नांची उत्तरे द्यायला लावा.

आणि माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला त्यासाठी शुल्क नाही. आपल्या वॉर्डात गेल्या वर्षी किती मुलांना पहिला डोस मिळाला, किती जण दुसऱ्याला आले नाहीत, किती सत्रे ठरली आणि किती प्रत्यक्ष झाली, लसीनंतरच्या प्रतिकूल घटना किती नोंदल्या गेल्या, याची वस्तीनिहाय आकडेवारी मागा. त्याच अर्जात शेवटचा प्रश्न लिहा : या वस्तीचे पिण्याचे पाणी शेवटचे केव्हा तपासले आणि त्याचा निकाल काय आला?